लाल गोळीचं माहेर

परळला आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची लांबच लांब भिंत आहे. शाळेला जाताना मी रोज त्या भिंतीच्या कडेने चालायची, आणि आई बजावायची, गेटात डोकावू नकोस, आत साप आहेत. साप होतेच, सर्पदंशावरच्या औषधासाठी तिथे ते पाळत. त्यापलीकडे त्या भिंतीशी आपलं काही नातं असेल असं आमच्या चाळीत कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पुढे मी नर्स झाले. महापालिकेच्या प्रसूतिगृहांत एकतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक लालबाग-परळच्या टापूत. गरोदर बायांच्या हातावर लोहाच्या गोळ्यांची पुडी ठेवणं हे माझं रोजचं काम. किती गोळ्या या हातांनी मोजल्या त्याचा हिशेब नाही. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना एका प्रशिक्षणवर्गात शिकवायला आलेल्या डॉक्टरबाईंनी सहज सांगितलं, की या गोळीत लोहाबरोबर जे फॉलिक ॲसिड असतं, त्याचा पहिला माग मुंबईत लागला, परळच्या हाफकिनमध्ये, इथल्याच गरीब बाळंतिणींच्या रक्तातून. वर्ष सांगितलं १९२८ ते १९३१.

त्या दिवशी मी बस न धरता चालत घरी गेले. १९२८ साली माझी आजी त्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर, वाइंडिंग खात्यात उभी होती.

आजी पाटण तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईला आली आणि वर्षभरात गिरणीत लागली. त्या काळी गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई असायची, आणि बायांची खाती ठरलेली : सूत गुंडाळायचं वाइंडिंग आणि सुताच्या लडी करायचं रीलिंग. दिवसभर उभं राहायचं, तुटलेला धागा गाठ मारून जोडायचा. आजीची सात बाळंतपणं झाली, तीन मुलं हाताशी लागली. दुसरं बाळंतपण झालं ते ‘मोठ्या संपात’. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८, जवळपास सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. आजी त्या दिवसांबद्दल बोलायची तेव्हा पुढाऱ्यांची नावं क्वचित घ्यायची. वाण्याच्या वहीची आठवण मात्र पक्की होती. वाण्याने आधी डाळ बंद केली, मग गूळ, मग तांदळाला हात आखडला. बाळंत झाल्यावर तिला चाळीचा जिना चढवेना. दोन पायऱ्या चढायची आणि बसायची. ओठ, नखं, पापण्यांची आतली बाजू, सगळं पांढरं. तिची थोरली जाऊ त्याच दुखण्यात गेली. ‘रक्ताचं पाणी झालं तिच्या’ असं आजी सांगायची. मराठीत रक्ताचं पाणी करणं म्हणजे राबणं, हे मला शाळेत शिकवलं. आजी मात्र डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होती.

अशा बाया मुंबईत घरोघर होत्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पांढरी पडायची, अंगावर सूज यायची, बाळंतपण होताना किंवा झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत संपायची. मार्गारेट बाल्फोर नावाच्या डॉक्टरबाई हिंदुस्थानातल्या बाळंतपणातल्या मृत्यूंचा छडा लावत होत्या. गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाची पाहणीही त्यांनी केली. त्यांच्या बोलावण्यावरून १९२८ च्या अखेरीस लंडनहून ल्यूसी विल्स मुंबईत आल्या. वय चाळीस. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग डॉक्टर झालेल्या. झाडापानांचा अभ्यास केलेली बाई रक्ताच्या आजाराकडे वळली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण शेवटी उत्तर सापडलं ते पानातच.

त्यांना जागा मिळाली हाफकिनमध्ये. ती इमारत म्हणजे परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस. तिथे राहणाऱ्या गव्हर्नरांच्या पत्नी कॉलऱ्याने गेल्या, त्यानंतर गव्हर्नरांचं बिऱ्हाड मलबार हिलला हललं. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली या जागेत आली, आणि १९२५ पासून संस्थेला त्यांचं नाव आहे. आजूबाजूला त्या वेळी नवी रुग्णालयं उभी राहत होती. केईएम आणि बायांसाठीचं नवरोजी वाडिया प्रसूतिगृह, दोन्ही १९२६ ची. १९२८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेब आंबेडकर गिरणी कामगार बायांच्या प्रसूती-भत्त्याच्या विधेयकाच्या बाजूने बोलले, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाळंतपणाच्या दिवसांत बाईला पूर्ण पगार नाही, पण काही भत्ता तरी मिळाला पाहिजे, हे कायद्याने मान्य होण्याचं आपल्याकडचं ते पहिलं वर्ष. म्हणजे एकाच वेळी कुणी बाईच्या पैशाचा विचार करत होतं, कुणी खाटेचा, आणि विल्सबाई तिच्या रक्ताचा.

रक्त तपासल्यावर एक गोष्ट दिसली. नुसत्या लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान आणि फिक्या असतात. या बायांत उलट होतं : पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, आणि संख्येने अगदी थोड्या. अशा मोठ्या पेशी डॉक्टरांना एका वेगळ्या, जीवघेण्या पंडुरोगात माहीत होत्या. त्यावर नुकताच इलाज सापडला होता. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या दोघांनी रोज भरपूर कलेजी खायला घालून ते रोगी वाचवले. पण मुंबईच्या बायांचं दुखणं अगदी तसंही नव्हतं. नसांवर होणारा परिणाम यांच्यात दिसत नव्हता. आणि ते गरोदरपणातच का उफाळतं, हा प्रश्न उरलाच होता.

इथे विल्सबाईंनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मनोमन हात जोडते. त्या प्रयोगशाळेच्या दाराआड बसून राहिल्या नाहीत. एस. एन. तळपदे यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या बायांच्या खाण्याची आणि राहणीची पाहणी केली. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या, वेगवेगळ्या मिळकतीच्या बाया. चुलीवर काय शिजतं, त्यातलं बाईच्या वाट्याला काय येतं, भाजी किती, फळ कधी, दूध असतं का, बाई घराबाहेर पडते का. गरीब आणि पडद्यात राहणाऱ्या मुसलमान बायांत हा आजार फार होता, आणि त्यांच्या ताटात ताजी भाजी, फळ, दूध, मांस यांची वानवा होती. मग त्यांनी तेच जेवण परळला प्रयोगशाळेतल्या उंदरांना घातलं. गाभण माद्या पांढऱ्या पडल्या, कितीतरी व्यायच्या आधीच मेल्या. त्या जेवणात यीस्ट मिसळलं तेव्हा त्या तगल्या. पुढे कळलं की उंदरांच्या आजारात उवांमुळे पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता, म्हणून विल्सबाईंनी त्या पुराव्यावर भिस्त न ठेवता माकडांवर पुन्हा सगळं तपासलं. तेच निकृष्ट खाणं खाऊन अगदी मरणाला टेकलेल्या एका माकडाला मार्माइट दिलं आणि ते उठून बसलं, अशी हकिगत सांगतात.

मार्माइट म्हणजे बिअर गाळून झाल्यावर उरलेल्या यीस्टचा अर्क. काळपट तपकिरी, चिकट, खारट. इंग्लंडात १९०२ पासून तो विकत मिळे, लोक पावाला लावून खात. कलेजीचा अर्क महाग, शिवाय आपल्याकडच्या कितीतरी बायांना तो चालणारा नव्हता. मार्माइट स्वस्त, आणि मांस न खाणाऱ्या बाईलाही घेता येण्यासारखं. विल्सबाईंनी ते गरोदर बायांना दिलं, आणि बाया बऱ्या झाल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे लिहिलं. यीस्टमध्ये आणि कलेजीत असं काहीतरी आहे जे रक्त भरून आणतं, पण ते नक्की काय ते सांगता येत नव्हतं. म्हणून बरीच वर्षं त्याला ‘विल्स फॅक्टर’च म्हणत.

नाव मिळालं १९४१ साली. टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक उकळून, गाळून, आटवून त्यातून हा पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून फॉलिक ॲसिड. तो कारखान्यात कसा बनवायचा हे १९४५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेने शोधलं, आणि तिथल्या संशोधनाची धुरा होती भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. त्यांचे भाऊ तरुणपणी संग्रहणीने गेले होते, स्वतः ते त्याच आजारातून वाचले होते. पुढे फॉलिक ॲसिड संग्रहणीवरही लागू पडलं. भावाचं मरण पाहिलेला माणूस त्या औषधापर्यंत पोचला, हे वाचलं तेव्हा मला आजीची जाऊ आठवली. तिच्यामागे असं शोधत जाणारं कुणी नव्हतं. पण तिच्यासारख्याच बायांनी सुई टोचून घ्यायला बोट पुढे केलं होतं. त्यांची नावं कुठे छापली गेली नाहीत.

गरोदर बायांना लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी द्यायची, असा कार्यक्रम भारत सरकारने १९७० साली सुरू केला. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, रोज एक, शंभर दिवस. मी १९७९ मध्ये कामाला लागले तेव्हा या गोळ्या मोठ्या डब्यांतून सुट्या यायच्या. आम्ही त्या चमच्याच्या मागच्या टोकाने तीसतीस मोजून कागदाच्या पुड्या बांधायचो. पावसाळ्यात ओल लागून गोळ्या एकमेकींना चिकटायच्या, लोहाचा वास पूर्ण खोलीला यायचा, आणि संध्याकाळी बोटांची टोकं तांबूस दिसायची.

पुडी देण्याआधी रक्तातलं हिमोग्लोबिन बघायचं. आता यंत्रात पट्टी सरकवली की आकडा येतो. आमच्याकडे साहलीचा संच होता. एक छोटी चौकट, दोन्ही बाजूंना तपकिरी काचेच्या कांड्या, मधे रिकामी नळी. नळीत तळाच्या खुणेपर्यंत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घालायचं. बाईच्या बोटाला टोचून बारीक काचेच्या पिपेटमध्ये खुणेपर्यंत रक्त ओढायचं, ते ॲसिडमध्ये सोडायचं, आणि दहा मिनिटं थांबायचं. लाल रंग बघता बघता तपकिरी होतो. मग थेंब थेंब पाणी घालत, काचेच्या काडीने ढवळत, खिडकीच्या उजेडासमोर धरून बाजूच्या कांडीच्या रंगाशी जुळेपर्यंत फिकं करत न्यायचं. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. भरल्या रक्ताला पाणी पुष्कळ लागतं, ड्रॉपर पुन्हा पुन्हा भरावा लागतो. काही बायांच्या नळीत मी पाच-सहा थेंब सोडायची आणि रंग जुळलेला असायचा. आकडा सहा. कधी पाच. समोर ती बाई पदराने बोट दाबून उभी असायची, माझ्या तोंडाकडे बघत.

ती दहा मिनिटं, रक्ताचा रंग बदलेपर्यंतची, मोकळी असायची. आमच्या मोठ्या सिस्टर होत्या, वसईकडच्या, शिस्तीच्या आणि मायेच्या. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, ‘ही दहा मिनिटं फुकट घालवू नकोस. तिला विचार, काल सकाळपासून काय खाल्लंस. आणि जे सांगेल ते लिही, मनातलं घालू नकोस.’ मी दोनशे पानी वही घेतली आणि लिहायला लागले. नाव लिहायची नाही. कितवा महिना, रक्ताचा आकडा, आणि काल काय खाल्लं. विल्सबाई आणि तळपदे यांनी पन्नास वर्षांपूर्वी तेच केलं होतं हे मला ठाऊक नव्हतं, मोठ्या सिस्टरनाही नसावं.

वहीतून मला जे शिकायला मिळालं ते कुठल्या वर्गात मिळालं नाही. घरात भाजी होते, पण नवऱ्याच्या आणि पोरांच्या डब्यात जाते. बाईला रस्सा उरतो. खानावळ चालवणारी बाई वीस माणसांना मटकीची उसळ वाढते आणि स्वतः चहात चपाती बुडवून खाते. एकीने सांगितलं, मी तीन वेळा जेवते; तिन्ही वेळा चहा आणि बटर. घाटावरच्या बायांना भाजी शिजवून पिळून घ्यायची सवय, म्हणजे कडवटपणा जातो. त्या पिळून टाकलेल्या हिरव्या पाण्यातच फॉलिक ॲसिड निघून जातं, कारण ते पाण्यात उतरतं आणि फार वेळ रटरटलं की नासतंही. आमच्या आजीच्या घरी मात्र पाणी म्हणून काही फेकलं जात नसे. मेथीचं पिळलेलं पाणी पिठल्यात जाई. हरभऱ्याची डाळ शिजवून काढलेला कट, त्याची आमटी होई. कुळीथ शिजवलेलं पाणी लसूण चेचून, फोडणी देऊन प्यायला मिळे. ती हे गरिबीपायी करी. पण डाळी-कडधान्यांतलं, पानांतलं जे काही मोलाचं, ते त्या पाण्यासकट आमच्या पोटात गेलं.

जोडीचं खाणं, पूरक खाणं, हे आपल्याकडे नवीन नाहीच. बाळंतिणीला अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून गुळाबरोबर, डिंक-खारकेचे लाडू, बाळंतशेपा, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी. पांडुरोगावर वैद्य लोहभस्म, मंडूर देत आले आहेत. यात शहाणपण आहे हे मी अनुभवाने सांगते. एक गोष्ट मात्र मी बायांना स्पष्ट सांगायची : लाडू बाळंत झाल्यावर मिळतो, रक्त तर त्याच्या आधी सहा महिने जातं. ज्या घरात अळीव बाळंतपणासाठी राखून ठेवतात आणि गरोदर सुनेला उरलंसुरलं वाढतात, त्या घरात लाडवाचा उपयोग अर्धाच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. आजी त्या वेळी होती. तिने दाराच्या चौकटीला हात लावून म्हटलं, ‘पुन्यांदा आलं.’ पहिले तीन महिने लोकांनी उमेदीने काढले. गावाहून तांदूळ आले, पोती आली. मग पावसाळा लागला, आणि माझ्या वहीतल्या ओळी आखूड होत गेल्या. भात आणि जवळा. चपाती आणि मिरची. चहा. साहलीच्या नळीत थेंब कमी लागायला लागले. वरून सूचना होती की गोळ्यांचं वाटप वाढवा, आणि आम्ही ते वाढवलंही. ऑगस्टात एक बाई आली, सातवा महिना, डिलाइल रोडच्या चाळीतली. मागच्या खेपेला दिलेली पुडी तिने जशीच्या तशी टेबलावर ठेवली. मी रागावले. तरुण होते, आणि गोळी न घेणाऱ्या बायांवर रागावायचं असतं असा माझा समज होता. तिने ऐकून घेतलं, आणि म्हणाली, ‘सिस्टर, ही पोटात लागती. रिकाम्या पोटी घेतली की उमाळे येतात. वर टाकायला भाकरी असती तर घेतली असती की हो.’

मला पुढे बोलता आलं नाही. मोठ्या सिस्टरनी तिला आत नेलं, स्वतःचा डबा दिला, आणि जेवल्यावर एक तासाने समोर बसवून गोळी दिली. दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या प्रसूतिगृहात, वर्गणी काढून, तपासणीच्या दिवशी गूळ-शेंगदाणे आणि उकडलेले हरभरे ठेवायला सुरुवात झाली. ते पाच-सहा महिने चाललं, मग पैसे संपले. ती बाई सप्टेंबरात मुलीला घेऊन घरी गेली. आकडा नऊच्या वर गेला नव्हता, पण स्वतःच्या पायांनी जिना उतरली.

गोळीचं काम काय आणि जेवणाचं काय, हे तिने मला शिकवलं. गरोदर बाईला रक्तासाठी जितकं लोह लागतं तितकं चांगल्या ताटातूनही पुरं पडणं कठीण असतं, म्हणून गोळी हवीच. गोळी नको, बीट-डाळिंब खाऊ, असं आता शिकल्या-सवरल्या घरांतून ऐकते तेव्हा मला भीती वाटते. पण नुसत्या गोळीने अंग भरत नाही. रक्त तयार व्हायला प्रथिनं लागतात, ती डाळ, अंडं, मासळी, दूध यांतून येतात. आणि गोळी लागू पडावी यासाठी सुद्धा ताट बघावं लागतं. जेवणाबरोबर किंवा लगेच वर चहा प्यायला तर चहातला तुरटपणा लोह अडवून धरतो. लिंबू पिळलं, आवळा खाल्ला, पेरू खाल्ला तर तेच लोह जास्त अंगी लागतं. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. पोटात ढवळत असेल तर जेवणानंतर, नाहीतर रात्री झोपताना घ्यायची. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. ते उरलेलं लोह आहे. गोळीने मूल काळं होतं ही समजूत मी एकतीस वर्षं ऐकली, आणि पिठाच्या डब्याखाली, देवाच्या फोटोमागे लपवलेल्या पुड्या घरभेटीत पाहिल्या. सासवांना मी माझ्या शेजारणीची दोन गोरी आणि एक सावळी, तिन्ही मुलं उदाहरणादाखल सांगायची. आईने तिन्ही वेळा शंभर-शंभर गोळ्या घेतल्या होत्या.

१९९१ मध्ये इंग्लंडातल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या बायांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल आला. ज्यांचं आधीचं मूल पाठीच्या कण्याचं किंवा मेंदूचं व्यंग घेऊन जन्मलं होतं, अशा बायांनी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका सत्तर टक्क्यांहून अधिक घटतो, असं त्यात दिसलं. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. बाईला दिवस गेलेत हे कळेपर्यंत ते काम होऊन गेलेलं असतं. आमच्याकडे बाया नाव नोंदवायला यायच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात. हा निकाल वाचून मला प्रसूतिगृहातल्या दोन-तीन खाटा आठवल्या, ज्यांच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्यानंतर नवीन लग्न झालेली मुलगी चाळीत दिसली की मी तिला थांबवून फॉलिक ॲसिडबद्दल सांगायची. काहींना ते आगाऊपणाचं वाटलं. वाटू दे.

आता लोअर परळला जिथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे तिथल्या मॉलमध्ये पूरक आहाराची दुकानं आहेत. मोठे मोठे डबे, व्हिटॅमिनच्या रंगीत गोळ्या. मुलं-मुली कामावरून येता-येता घेतात. मला त्यात वाईट काही दिसत नाही, पण मनाने गोळ्या घेणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ, जन्मापासून शाकाहारी, थकवा येतो म्हणून स्वतःच दुकानातून फॉलिक ॲसिडच्या जास्त ताकदीच्या गोळ्या आणून वर्षभर घेत होते. रक्ताचा आकडा सुधारला, पायांना मात्र मुंग्या यायला लागल्या, चालताना तोल जायला लागला. त्यांना खरी कमतरता बी-१२ ची होती. फॉलिक ॲसिड रक्त सावरतं आणि ती कमतरता झाकून ठेवतं. नसांचं नुकसान आत चालूच राहतं. विल्सबाईंनी १९३० च्या सुमारास फॉलिक ॲसिडच्या आणि बी-१२ च्या कमतरतेने होणाऱ्या या दोन आजारांतला फरक ओळखला होता, बी-१२ हाती लागलं त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. रक्त तपासून घेतल्याशिवाय गोळी ठरवू नये, हे त्यांच्या कामातूनच समजतं.

सरकारी गोळी आता साखरेच्या वेष्टनाची, लाल, पाकिटातून येते. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंत झाल्यावर पुन्हा १८०. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी, लहानांना गुलाबी. आशाताई घरी आणून देते. व्यवस्था आमच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगली. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांत चौपन्न पंडुरोगी निघाल्या. मी नव्या सिस्टरना भेटते तेव्हा त्यांच्या नोंदवहीत बघते. किती गोळ्या दिल्या याचा रकाना असतो. काल काय खाल्लंस याचा नसतो. त्यांच्याकडे ती दहा मिनिटंही उरलेली नाहीत, यंत्र लगेच आकडा देतं. दोष त्यांचा नव्हे. पण ज्या गोळीचा शोधच बाईच्या ताटात डोकावून लागला, ती देताना ताटाकडे बघायची सोय आपण काढून टाकली, याचं मला फार वाईट वाटतं. एक रकाना वाढवावा, इतकं माझं मागणं आहे. ते मी लेखी दिलं आहे, पुन्हा देणार आहे.

माझ्या वह्या सात झाल्या होत्या. दोन पावसात भिजून गेल्या, पाच कपाटात आहेत. परवा भाचीला दिवस गेल्याचं कळलं, ती गोळ्यांचं पाकीट घेऊन आली होती, म्हणून तिला दाखवायला एक काढली. निळ्या शाईच्या ओळी अजून वाचता येतात.

‘पाचवा महिना. ८. सकाळी चहा, दोन पाव. दुपारी भात, सुकटीचं कालवण. रात्री नाही.’

‘आठवा महिना. ६॥. भाकरी, तिखट. दिवसाआड दूध, पाव कप, पोरीने टाकलेलं.’

‘सातवा महिना. १०. चवळीची पालेभाजी, भाकरी, ताक. सासू वाढते, समोर बसून.’

भाचीने तिसरी ओळ दोनदा वाचली. मग मी वही तिच्यापुढे सरकवली, मागचं कोरं पान काढलं, तारीख घातली, आणि विचारलं, काल सकाळपासून काय खाल्लंस, सांग.